१८६० सालचा बेस बॉल आज खेळायचा असेल तर

शीर्षकात ‘बेस बॉल’ हे शब्द तोडून लिहिले आहेत, तो मुद्रणदोष नव्हे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी नियमपुस्तिकांत हे नाव बहुधा असेच लिहिलेले आढळते, आणि त्या काळचा खेळ मुद्दाम त्या काळच्या रीतीने खेळणारे आजचे संघही तेच लेखन पाळतात, म्हणजे आधुनिक बेसबॉलशी गल्लत होत नाही. हे संघ बहुतेक वेळा ‘लिव्हिंग हिस्टरी व्हिलेज’मध्ये खेळताना दिसतात. वस्तू काचेच्या कपाटात न मांडता लोहारशाळा, छापखाना, शाळा, वाणसामानाचे दुकान असे सबंध गावच जिथे चालते-बोलते उभे केलेले असते, अशा संग्रहालयाला हे नाव आहे. लाँग आयलंडवरील ओल्ड बेथपेज, ओहायोत कोलंबस येथील ओहायो व्हिलेज, डेट्रॉइटला लागून असलेल्या डिअरबॉर्नमधील ग्रीनफील्ड व्हिलेज आणि न्यूयॉर्क राज्यात मम्फर्ड येथील जेनेसी कंट्री व्हिलेज ही त्यांतील ठळक ठिकाणे होत. ओहायो व्हिलेजचा ‘मफिन्स’ हा संघ १९८१ पासून खेळत आहे, आणि अशा संघांची व्हिंटेज बेस बॉल असोसिएशन ही संघटना १९९६ मध्ये स्थापन झाली.

डेट्रॉइट आणि कोलंबस या दोन्ही शहरांच्या आसपास मराठी घरे पुष्कळ आहेत, आणि उन्हाळ्यात मुलांना घेऊन या गावांत जाणे हा त्यांच्यापैकी अनेकांचा ठरलेला कार्यक्रम असतो. मीही मुलीला लोहारकाम दाखवायला म्हणून अशाच एका ग्रामात गेलो होतो. तिथे एक खेळाडू कमी पडत होता, आणि उंच टोपी घातलेल्या एका गृहस्थाने मला चेंडू झेलता येतो का, असे विचारले. त्यानंतर पाच उन्हाळे गेले. हा लेख त्या अनुभवावरून, नव्याने संघात शिरू पाहणाऱ्यांसाठी आणि एखाद्या ग्रामात असा उपक्रम सुरू करू पाहणाऱ्यांसाठी लिहिला आहे.

पहिली पायरी : वर्ष ठरवा

कपडे, चेंडू, मैदान या सगळ्यांच्या आधी कोणत्या वर्षाचा खेळ खेळायचा हे निश्चित करावे लागते, कारण ‘एकोणिसाव्या शतकातील बेस बॉल’ असा एकच एक खेळ कधी नव्हताच. १८४५ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने नियम लिहून काढले, तेव्हा नऊ डावांची अटच नव्हती. जो संघ आधी २१ धावा करील तो जिंकला, असा हिशेब होता. नऊ डाव, नऊ खेळाडू आणि दोन बेसमध्ये, म्हणजे धावपटूने क्रमाने गाठायच्या चार थांब्यांपैकी लगतच्या दोहोंत, ९० फुटांचे अंतर या गोष्टी १८५७ च्या परिषदेत ठरल्या. चांगले चेंडू मुद्दाम सोडून देणाऱ्याला ‘स्ट्राइक’ (हुकलेली संधी; अशा तीन झाल्या की बाद होण्याची पाळी) पुकारण्याचा अधिकार अंपायरला १८५८ मध्ये मिळाला, आणि वाईट चेंडू टाकणाऱ्यावर ‘बॉल’ पुकारण्याचा अधिकार मिळायला १८६४ चा हंगाम उजाडावा लागला. खांद्यावरून चेंडू फेकण्याची मोकळीक नॅशनल लीग या व्यावसायिक संघांच्या संघटनेने १८८४ मध्ये दिली, आणि चेंडू टाकणारा व फलंदाज यांच्यातील आजचे ६० फूट ६ इंचांचे अंतर तर १८९३ चे आहे.

तेव्हा १८६० चा सामना म्हणून जाहिरात करायची आणि फलंदाजाच्या मागे चेंडू अडवणाऱ्याच्या तोंडावर जाळी चढवायची, तर तो खेळाडू सतरा वर्षे पुढचा ठरतो, कारण जाळीचा मुखवटा १८७७ च्या सुमारास हार्वर्डच्या संघात प्रथम वापरात आला. हातमोजेही १८७० च्या दशकातले, आणि सुरुवातीला ते घालणाऱ्याला मैदानावर थोडी लाजच वाटत असे. मधल्या विश्रांतीत प्रेक्षक हमखास म्हणू लागतात ते चेंडूच्या खेळाचे प्रसिद्ध गाणे १९०८ चे आहे. प्रेक्षकांना अडवू नये, पण संघाने स्वतः ते सुरू करू नये. माझ्या मते या उपक्रमातील निम्म्याहून अधिक चुका कौशल्य कमी पडल्याने होत नाहीत. दोन-तीन वेगवेगळ्या वर्षांची खिचडी केल्याने होतात.

नव्या संघाने १८६० निवडावे, अशी माझी शिफारस आहे. त्या वर्षीचे नियम सुबक छापलेले उपलब्ध आहेत, गुंतागुंत कमी आहे, आणि मूळचे इंग्लंडचे व क्रिकेटचे वार्ताहर असलेल्या हेन्री चॅडविक यांनी त्याच वर्षी संपादित केलेली दहा सेंट किमतीची पुस्तिका खेळाडूने कसे उभे राहावे इथपासून सारे सांगते. ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये १८६७ चे नियम चालतात. तेही चांगले आहेत, पण त्यांत झेलाची सवलत कमी असल्याने नवख्यांची बोटे जास्त दुखावतात. यापुढचे सारे विवेचन १८६० धरून केले आहे.

दुसरी पायरी : नियम अंगवळणी पाडा

या बाबतीत मराठी माणसाला एक अनपेक्षित सोय आहे. गल्लीत क्रिकेट खेळताना आपण ‘एक टप्पा आउट’ हा नियम लावत असू; १८६० च्या बेस बॉलमध्ये नेमका तोच नियम अधिकृत होता. फटकावलेला चेंडू हवेत झेलला तरी फलंदाज बाद, आणि जमिनीवर एक टप्पा पडल्यावर झेलला तरी बाद. १८६४ च्या हंगामानंतर वैध फटक्यासाठी ही सवलत रद्द झाली, फाउल (मैदानाच्या रेषांबाहेर गेलेल्या) चेंडूसाठी मात्र ती १८८० च्या दशकापर्यंत टिकली. अमेरिकी खेळाडूंना, विशेषतः लहानपणापासून आधुनिक बेसबॉल खेळलेल्यांना, टप्प्याची वाट पाहण्याची सवय लावायला एक अख्खा महिना लागतो. आपल्या मंडळींना ती जन्मजात असते.

अर्थात टप्प्यावर झेलण्यात एक तोटा आहे, आणि इथेच डोके लावावे लागते. चेंडू हवेत झेलला तर बेसवर असलेल्या धावपटूंना मागे परतावे लागते. टप्प्यावर झेलला तर फलंदाज बाद होतो खरा, पण धावपटू खुशाल पुढे जाऊ शकतात. म्हणून तिसऱ्या बेसवर प्रतिपक्षाचा धावपटू उभा असताना दूरच्या क्षेत्ररक्षकाने टप्प्याची आरामशीर वाट पाहिली, तर फलंदाज बाद होतो, पण प्रतिपक्षाला धाव मिळून जाते. हा निर्णय धावता धावता, उघड्या हातांनी, अर्ध्या क्षणात करायचा असतो.

चेंडू टाकणाऱ्याने हात खांद्याखालून सरळ झुलवून चेंडू द्यायचा असतो. नियमाचे शब्द असे की चेंडू ‘पिच’ करावा, झटका देऊ नये किंवा फेकू नये, आणि तो शक्य तितका होम बेसच्या (फलंदाज जिथे उभा राहतो त्या बेसच्या) मध्यावरून, फलंदाजासाठी द्यावा. ‘फलंदाजासाठी’ हा शब्द जपून ठेवण्यासारखा आहे. चेंडू टाकणे हे मुळात खेळ सुरू करून देणे होते. फलंदाजाला चकवणे हा हेतू हळूहळू शिरला. ब्रुकलिनच्या एक्सेल्सियर क्लबचा जिम क्राइटन याने १८६० च्या सुमारास वेगवान व फिरणारे चेंडू टाकून सर्वांची तारांबळ उडवली, आणि तो मनगटाचा चोरटा झटका देतो की नाही यावर बरेच वाद झाले. १८६२ मध्ये अवघ्या एकविसाव्या वर्षी तो वारला, पण त्याची नक्कल करणारे वाढल्यामुळेच पुढे ‘बॉल’ पुकारण्याची तरतूद करावी लागली. ग्रामातील सामन्यात क्राइटन होण्याचा मोह नव्याने टाळावा. चेंडू फटकावला गेला तरच प्रेक्षकांना खेळ दिसतो.

आणखी काही गोष्टी आधुनिक खेळापेक्षा वेगळ्या आहेत. पहिल्या बेसवरून वेगात पुढे निघून जाण्याची सवलत १८६० मध्ये नव्हती, त्यामुळे बेस ओलांडलेल्या धावपटूला चेंडू लावून बाद करता येते. चेंडू वैध की फाउल हे तो पहिल्यांदा कुठे टेकला यावर ठरते. होम बेसच्या पुढे टेकून मग बाजूला पळून गेलेला चेंडूही वैधच, आणि चतुर फलंदाज याचा भरपूर फायदा घेत, इतका की १८७७ मध्ये नियम बदलावा लागला. क्षेत्ररक्षकाने टोपीने चेंडू अडवला, किंवा चेंडू प्रेक्षकाने अडवला, तर तो चेंडू आधी पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, हातात स्थिरावल्याशिवाय कोणालाही बाद करता येत नाही. हा टोपीचा नियम एकदा तरी प्रत्यक्ष घडावा अशी व्यवस्था आमचा एक जुना खेळाडू दरवर्षी गुपचूप करतो, कारण प्रेक्षकांना तो फार आवडतो.

शब्दही बदलतात. फलंदाज हा ‘स्ट्रायकर’, चेंडू अडवणारा ‘बिहाइंड’, धाव म्हणजे ‘एस’, बाद होणे म्हणजे ‘हँड’ गमावणे. झेल सुटला की तो ‘मफ’, आणि क्लबमधल्या सर्वांत कच्च्या खेळाडूंना ‘मफिन’ म्हणत. ओहायोच्या संघाने ते नाव आपण होऊन घेतले आहे, हे त्यांच्या विनोदबुद्धीचे लक्षण. खेळताना तोंडून आधुनिक शब्द निघाला तर बिघडत नाही, पण प्रेक्षकांशी बोलताना जुना शब्द आधी आणि त्याचा अर्थ लगेच पुढे, अशी सवय ठेवावी.

मॅसॅच्युसेट्समध्ये त्याच काळात एक वेगळाच खेळ चालत असे. त्याचे नियम १८५८ मध्ये डेडहॅम येथे ठरले. त्यात धावपटूला चेंडू फेकून मारून बाद करता येत असे, एक गडी बाद झाला की डाव संपे आणि १०० धावा करणारा संघ जिंके. आबाधुबीत पाठ शेकून घेतलेल्यांना हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. मात्र तो मऊ व हलक्या चेंडूनेच खेळावा, आणि तोही संघ मुरल्यावर.

तिसरी पायरी : मैदान आखा

मैदानासाठी ग्रामाच्या व्यवस्थापनाशी आधी बोलून घ्यावे, कारण जवळ जुन्या काचेच्या खिडक्या असलेली इमारत असेल तर फाउल चेंडूची दिशा पाहूनच होम बेसची जागा ठरवावी लागते. आखणी दोन मोजपट्ट्यांनी होते. होम बेसच्या जागी खुंटी ठोकून दुसऱ्या बेसच्या दिशेने १२७ फूट ३ इंचांहून किंचित जास्त अंतर मोजावे आणि तिथे दुसरी खुंटी ठोकावी. मग एक पट्टी होमपासून आणि दुसरी दुसऱ्या बेसपासून प्रत्येकी ९० फूट ताणली की ती जिथे मिळतात तो एका बाजूला पहिला बेस आणि दुसऱ्या बाजूला तिसरा. होम व दुसरा बेस जोडणाऱ्या रेषेवर होमपासून ४५ फुटांवर पिचरची जागा येते; तिथे आडवी १२ फुटांची रेघ मारावी. मातीचा उंचवटा करू नये, तो पुढच्या काळातला आहे.

पहिले तीन बेस म्हणजे वाळू किंवा लाकडाचा भुसा भरलेल्या, पांढऱ्या रंगवलेल्या कॅनव्हासच्या पिशव्या, सुमारे एक चौरस फुटाच्या. भुसा बरा, वाळूच्या पिशवीला पाय अडखळला तर घोटा मुरगळतो. होम बेस आणि पिचरची खूण या मात्र लोखंडाच्या गोल, पांढऱ्या रंगवलेल्या तबकड्या असत. पाच कोनांची आजची होम प्लेट इथे शोभत नाही. तबकडीची कड कानशीने घासून बोथट करावी आणि ती गवताच्या पातळीत बसवावी.

चौथी पायरी : चेंडू आणि बॅट

१८६० च्या नियमांनुसार चेंडूचे वजन ५¾ ते ६ औंस, म्हणजे १६३ ते १७० ग्रॅम, आणि परीघ ९¾ ते १० इंच. क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि परिघाने ९ इंचांच्या आत असतो, म्हणजे हा त्याहून मोठा व किंचित जड. आत रबराचा गोळा, त्यावर घट्ट गुंडाळलेली लोकर, आणि वर चामडे. हे चामडे एकाच तुकड्याचे, चार पाकळ्यांसारखे कापून वर दुमडून शिवलेले असते. शिवण संत्र्याची साल चार भागांत सोलावी तशी दिसते, तिकडे त्याला लिंबाची साल म्हणतात. असे चेंडू हाताने बनवणारे कारागीर आजही आहेत आणि संघ त्यांच्याकडूनच मागवतात. एक चेंडू पूर्ण सामना चालतो. पहिल्या डावात तो कडक असतो, सहाव्या-सातव्या डावापर्यंत मऊ, मळलेला, थोडा बेढब होतो आणि फटके आपोआप कमी लांब जाऊ लागतात. हा बदल प्रेक्षकांना चेंडू हातात देऊन दाखवावा. सरावासाठी जुने, मऊ झालेले चेंडूच वापरावेत.

बॅट लाकडाची, जास्तीत जास्त २½ इंच व्यासाची. लांबीला त्या वर्षी मर्यादा नव्हती. मूठ आजच्यापेक्षा जाड असते. बाजारातून बॅट आणली तर तिच्यावरील कंपनीचा शिक्का पॉलिश पेपरने घासून काढावा आणि जवसाच्या तेलाचा हात द्यावा.

पाचवी पायरी : कपडे

कपड्यांवर नवी मंडळी गरजेपेक्षा जास्त वेळ आणि पैसा घालवतात. पहिल्या वर्षी ग्राम किंवा संघ बहुधा शर्ट व टोपी देतो. लांब पँट, पुढे बटणांनी बसवलेला ढालीसारखा कापडी भाग असलेला लांब बाह्यांचा शर्ट, पट्टा, लहान टोपी आणि साधे काळे बूट एवढे पुरते. गुडघ्यापर्यंतच्या विजारी व रंगीत मोजे सिनसिनाटीच्या रेड स्टॉकिंग्ज संघाने १८६८ मध्ये आणले, तेव्हा १८६० च्या सामन्यात ते नकोत. पाठीवर क्रमांकही नको. मनगटी घड्याळ, गॉगल, फोन हे मैदानाबाहेर ठेवावे. सनस्क्रीन मात्र न लाजता लावावे आणि पाणी पीत राहावे, कारण जुलैच्या उन्हात जाड कापडात घामाच्या धारा लागतात आणि चक्कर येऊन पडणारा खेळाडू कोणत्याच वर्षाचा दिसत नाही.

सहावी पायरी : हात तयार करा

हा या खेळातला सर्वांत खरा भाग. हातमोजा नसल्याने चेंडूचा सगळा जोर तळहाताला सोसावा लागतो, आणि तो सोसण्याची युक्ती हाताच्या ताकदीत नसून हात मागे घेण्यात आहे. चेंडू येताना दोन्ही हात किंचित पुढे, कोपरे सैल, बोटे एकतर वर किंवा खाली. बोटांची टोके कधीही चेंडूच्या दिशेने रोखू नयेत. चेंडू तळहाताला टेकला की हात त्याच्याबरोबर छातीकडे किंवा कमरेकडे मागे येऊ द्यावेत, जणू वरच्या मजल्यावरून टाकलेले अंडे झेलायचे आहे. शिवाजी पार्कवर किंवा गावच्या मैदानात सीझन बॉलने स्लिपमध्ये उभे राहिलेल्यांना हे ठाऊकच असते; त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की हा चेंडू मोठा असल्यामुळे पंजात मावत नाही, म्हणून एका हाताने झेलण्याची ऐट इथे महागात पडते.

सराव तीन टप्प्यांत करावा. पहिले दोन आठवडे दहा पावलांवरून हलके खालून टाकलेले चेंडू, मग जमिनीवरून येणारे, आणि शेवटी उंच उडालेले, तेही आधी टप्प्यावर आणि मग हवेत. बिहाइंडने फलंदाजाच्या पाठीला खेटून उभे राहू नये; काही पावले मागे राहून चेंडू टप्प्यावर घ्यावा. तिसरी स्ट्राइक चुकल्यावर चेंडू टप्प्यावर झेलला तरी फलंदाज बाद होतो, आणि झेल सुटला तर त्याला पहिल्या बेसकडे धावता येते.

हातातील अंगठ्या काढून ठेवाव्यात. पहिल्या उन्हाळ्यात मी माझी अंगठी काढली नव्हती. एक सरळ, तसा सोपाच चेंडू डाव्या हाताच्या अनामिकेच्या मुळाशी लागला. दोन डावांत बोट वांग्यासारखे सुजले, साबण, तेल, दोरा सगळे करून झाले, आणि अखेर अंगठी कापावी लागली. तेव्हापासून आमच्या संघात सामन्याआधी एक लाकडी पेटी फिरते आणि सगळे तीत अंगठ्या टाकतात. बर्फ, पट्ट्या आणि जवळच्या दवाखान्याचा रस्ता माहीत असलेला एक माणूस मैदानाच्या कडेला असावा.

सातवी पायरी : अंपायर आणि नोंदणारा

अंपायर एकच, उंच टोपी व लांब कोटातला, आणि तो होम बेसच्या मागे न वाकता बाजूला थोड्या अंतरावर असतो. फाउल चेंडू आणि पिचरची फसवी हालचाल तो आपण होऊन मोठ्याने पुकारतो. बाकी निर्णय खेळाडूंनी ‘जजमेंट’ असे म्हणून मागायचे असतात. चांगले चेंडू मुद्दाम सोडणाऱ्या फलंदाजाला त्याने आधी समज द्यावी आणि मगच स्ट्राइक पुकारावी. या कामाला संघातला सर्वोत्तम खेळाडू लागत नाही, खणखणीत आवाजाचा आणि वाद न वाढवणारा माणूस लागतो.

धावा नोंदणाऱ्याने एक खाचखळगा ओळखून असावे. पुढचा डाव कोणी सुरू करायचा, तर आधीच्या डावात तिसरा बाद झालेल्या खेळाडूच्या पुढे यादीत ज्याचे नाव आहे त्याने. तो तिसरा बाद बेसवर धावताना झाला असेल तर आजच्या सवयीने हमखास चूक होते.

अनेक ग्रामांत धावपटू होमला पोहोचला की त्याने नोंदणाऱ्याच्या टेबलावरची घंटा वाजवायची, अशी रीत आहे, आणि शिवी तोंडून निघाली तर २५ सेंटचा गमतीचा दंडही घेतात. शिस्तीसाठी दंड आकारणे जुन्या क्लबांत खरोखर होते. घंटेचा उल्लेख मात्र १८६० च्या नियमांत नाही. मुलांना ती फार आवडते, म्हणून ठेवावी. कोणी विचारले तर खरे सांगावे.

आठवी पायरी : प्रेक्षकांशी बोलणे

काही ग्रामांत खेळाडू स्वतःला १८६० चे गावकरीच समजून बोलतात, काही ठिकाणी आजचा माणूस म्हणून समजावून सांगतात. नवख्याने दुसरा मार्ग धरावा. पहिला मार्ग ऐकायला सुरस वाटतो, पण तो नीट निभवायला त्या काळची रेल्वे, निवडणूक, किमती सारे तोंडपाठ लागते, आणि अवघड प्रश्न आला की माणूस विनोद करून सुटू पाहतो.

सर्वांत नेहमीचा प्रश्न ॲबनर डबलडे यांच्याविषयी असतो. त्यांनी १८३९ मध्ये कूपर्सटाउन येथे हा खेळ शोधला, असे खेळाचा उगम शोधण्यासाठी नेमलेल्या मिल्स समितीने १९०७ च्या अहवालात ठरवून टाकले. पण डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होते, आणि खेळ कोणा एकाने शोधला नव्हता, तो इंग्लंडमधून आलेल्या चेंडू-दांडूच्या खेळांतून घडत गेला. एवढे दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे.

अवघड प्रश्न वेगळे असतात. एकदा मी सीमेजवळ उभा असताना सात-आठ वर्षांच्या एका मुलाने माझ्याकडे, माझ्या टोपीकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहून विचारले, “तेव्हा तुमच्यासारखे दिसणारे लोक खेळायचे का?” माझ्याकडे उत्तर तयार नव्हते. आता असते. १८६० मध्ये ओहायोच्या एखाद्या गावातील संघात माझ्यासारखा कोणी असण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. पण कृष्णवर्णीयांचे स्वतःचे क्लब होते आणि ते उत्तम खेळत. फिलाडेल्फियाच्या पायथियन क्लबने १८६७ मध्ये खेळाडूंच्या राज्य संघटनेत प्रवेश मागितला, पण तो मिळाला नाही, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय संघटनेने कृष्णवर्णीय सदस्य असलेल्या क्लबांना दार बंद केले. त्या क्लबचे पुढारी ऑक्टेव्हियस कॅटो हे शिक्षक व नागरी हक्कांसाठी लढणारे कार्यकर्ते होते. १८७१ मध्ये मतदानाच्या दिवशी त्यांना रस्त्यावर गोळ्या घालण्यात आल्या. स्त्रियांविषयी विचारले तर न्यूयॉर्क राज्यातील व्हॅसर महाविद्यालयात १८६६ मध्येच विद्यार्थिनींचे संघ होते, हे सांगावे. आजचे संघ सर्वांना घेतात, आणि त्यात इतिहासाची मोडतोड होते असे मला वाटत नाही, मात्र तेव्हा सर्वांना घेत नसत हे त्याच दमात सांगितले पाहिजे.

नववी पायरी : सामन्याचा दिवस

सामन्याच्या एक तास आधी पोहोचावे, कारण पिशव्या ठेवणे, रेघा मारणे, दोर बांधणे हे काम खेळाडूच करतात. मग दोन्ही कर्णधार नाणेफेक करतात, अंपायर प्रेक्षकांना टप्प्याचा नियम समजावतो, आणि एका मुलाला बोलावून त्याच्या हातात चेंडू देऊन त्याचा जडपणा पाहायला सांगतो. खेळ साधारण दोन तास चालतो. धावसंख्या आजच्या मानाने प्रचंड होते. तीस-चाळीस एस झाले तरी त्या काळाच्या हिशेबात ते नवल नाही.

सामना संपला की दोन्ही संघ समोरासमोर रांगेत उभे राहतात, टोप्या काढतात आणि एकमेकांसाठी व अंपायरसाठी तीनदा जयघोष करतात. त्यानंतर हरलेल्या संघाचा कर्णधार छोटे भाषण करून सामन्याचा चेंडू जिंकलेल्या संघाला देतो. तेव्हाचे क्लब अशा चेंडूंवर तारीख आणि आकडे लिहून ते काचेच्या कपाटात मांडत, काही जण तर सोनेरी रंगही देत. आमच्या ग्रामातील वाणसामानाच्या दुकानात, चहाच्या डब्यांच्या वरच्या फळीवर आमचे कपाट आहे आणि त्यात पाच उन्हाळ्यांचे चार चेंडू आहेत. बाकीचे सगळे ओहायो आणि मिशिगनभर दुसऱ्यांच्या कपाटांत मांडलेले आहेत.